जळलं ते गेलं कुठे? तराजू, आग आणि लॅव्हाझिए

ज्यांना हा भाग कानात हेडफोन घालून ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हे नेहमीप्रमाणे लिखित रूप. बोलताना निसटलेल्या एक-दोन गोष्टी इथे नीट मांडल्या आहेत, बाकी सगळं बोललो तसंच.

आज सुरुवात एका प्रश्नाने करतो. समजा एखाद्याने जिमला जाऊन, गोड बंद करून, वर्षभरात दहा किलो चरबी कमी केली. छान. आता सांगा, ती दहा किलो चरबी गेली कुठे?

हा प्रश्न मी बऱ्याच जणांना विचारून पाहिला. "घामावाटे गेली." "तिची ऊर्जा झाली." "स्नायू झाले." एकाने तर "गेली म्हणजे गेली, कुठे जायचंय तिला!" असंही सुनावलं. खरं उत्तर असं की त्या दहा किलोंपैकी साधारण ८.४ किलो नाकावाटे गेली. म्हणजे कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासाबरोबर बाहेर पडली. उरलेल्या १.६ किलोचं पाणी झालं. २०१४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हा हिशोब छापून आला, आणि त्याच लेखात हेही आलं की डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांपैकीही बहुतेकांना हे उत्तर देता आलं नव्हतं.

गंमत अशी की या प्रश्नाचं उत्तर द्यायला लागणारा नियम आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेला असतो. द्रव्य अक्षय्यतेचा नियम! रासायनिक अभिक्रियेत द्रव्य निर्माणही होत नाही आणि नष्टही होत नाही. दोन मार्कांचा प्रश्न. शंकुपात्रात एक द्रावण, आत दोऱ्याने टांगलेल्या परीक्षानळीत दुसरं, बूच घट्ट, मग पात्र तिरकं करायचं, पांढरा साका तयार होतो, वजन तेवढंच. झाला प्रयोग, लिहा जर्नलमध्ये.

पण हा एका ओळीचा नियम माणसाला कळायला दीडशे वर्षं का लागली? आणि ज्याचं नाव त्याला जोडलं जातं, त्याचं डोकं भर चौकात का उडवलं गेलं? आजचा भाग त्यावर आहे.

विलोचं झाड आणि हिशोबातली चूक

सतराव्या शतकात जाऊ. ब्रसेल्सजवळ यान बाप्टिस्टा व्हान हेल्माँट नावाचा एक वैद्य राहत होता. त्याने एका मोठ्या कुंडीत २०० पौंड कोरडी माती भरली आणि ५ पौंड वजनाचं विलोचं रोप लावलं. पाच वर्षं फक्त पाणी घातलं, दुसरं काही नाही. पाच वर्षांनी झाड उपटून तोललं, तर १६९ पौंड आणि ३ औंस भरलं. माती वाळवून तोलली. ती जेमतेम दोन औंस कमी झाली होती.

विचार करा, त्या काळात हे किती भारी काम आहे! झाड मातीतून वाढतं, असं सगळे हजारो वर्षं धरून चालले होते. याने माती तोलून दाखवलं की ते खरं नाही. मग त्याने निष्कर्ष काढला: माती तर गेली नाही, बाहेरून फक्त पाणी आलं, म्हणजे लाकूड, साल, मुळं हे सगळं पाण्यापासून झालं.

तर्क पक्का, निष्कर्ष चुकीचा. का? कारण त्याने हवा जमेतच धरली नाही. झाडाच्या लाकडातला कार्बन हवेतून येतो, हे त्याला माहीत असणं शक्य नव्हतं. आणि यातली खरी मेख पुढे आहे. याच माणसाने 'गॅस' हा शब्द घडवला! त्याने ६२ पौंड कोळसा जाळला, राख उरली एक पौंड. उरलेले ६१ पौंड डोळ्यांना न दिसणाऱ्या कशात तरी बदलून उडून गेले, असं त्याने लिहिलं आणि त्या 'कशाला तरी' गॅस हे नाव दिलं. म्हणजे जळताना बाहेर जाणारा वायू त्याने ओळखला, पण झाडात आत येणारा वायू त्याच्या हातून सुटला. खर्चाची नोंद केली, जमेची राहिली.

हा किस्सा लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी भांडणं याच एका गोष्टीवरून आहेत. तराजू सगळ्यांकडे होता. पण पारड्यात काय काय ठेवायचं, हेच ठरलेलं नव्हतं.

आगीतून काहीतरी बाहेर पडतं

आता फ्लॉजिस्टन. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला गेओर्ग स्टाल या जर्मन वैद्याने एक मांडणी लोकप्रिय केली. जळणाऱ्या प्रत्येक वस्तूत फ्लॉजिस्टन नावाचं एक तत्त्व असतं. वस्तू जळते तेव्हा ते बाहेर पडतं. लाकूड जळून राख होते, कारण फ्लॉजिस्टन निघून गेलं. बंद भांड्यात मेणबत्ती विझते, कारण आतली हवा फ्लॉजिस्टनने भरून गेली, आता आणखी मावत नाही.

आज हे ऐकून हसू येतं, पण थांबा. ही मांडणी वाईट नव्हती. धातू तापवला की त्याचं भस्म होतं. आपल्याकडे लोहभस्म, ताम्रभस्म हे शब्द घरोघरी माहीत आहेत, तसंच ते. आणि ते भस्म कोळशाबरोबर तापवलं की धातू परत मिळतो. फ्लॉजिस्टनवाले म्हणायचे: सोपं आहे! कोळशात फ्लॉजिस्टन ठासून भरलेलं, ते भस्मात शिरलं, धातू परत आला. जळणं, गंजणं, धातू गाळणं या तिन्ही गोष्टींना एकच कारण. त्याआधी कुणीच हे एका धाग्यात ओवलं नव्हतं.

अडचण एकच. धातूचं भस्म होताना वजन *वाढतं*.

काहीतरी बाहेर गेलं आणि वजन वाढलं? खिशातून पैसे खर्च केले आणि पाकीट जड झालं?

लोकांना हे माहीत नव्हतं असं नाही. १६३० साली ज्याँ रे या फ्रेंच वैद्याने लिहून ठेवलं होतं की कथील आणि शिसं तापवल्यावर जड होतात आणि ते वजन हवेतून येतं. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १६७३ मध्ये रॉबर्ट बॉइलने बंद काचपात्रात धातू तापवले, मग पात्र फोडून तोललं. वजन वाढलेलं होतं. त्याने निष्कर्ष काढला की आगीचे सूक्ष्म कण काचेतून आत शिरले. त्याची चूक कुठे झाली दिसतंय का? पात्र उघडताना 'सूंऽऽ' करत बाहेरची हवा आत घुसते. बॉइलने आधी उघडलं, मग तोललं. क्रम उलटा केला असता तर?

रशियात मिखाईल लोमोनोसोव्हने तो क्रम उलटा केला. १७५६ साली त्याने बॉइलचा प्रयोग पुन्हा केला, पण बाहेरची हवा आत येऊ न देता. वजन बदललं नाही. त्याआधी १७४८ मध्ये गणितज्ञ ऑयलरला लिहिलेल्या पत्रात त्याने तत्त्वही मांडलं होतं: एका ठिकाणी जेवढं वाढतं, तेवढं दुसरीकडे कमी होतं. रशियात आजही हा नियम लोमोनोसोव्हच्या नावाने शिकवतात. मग 'श्रेय चोरलं' म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. लोमोनोसोव्हचं हे काम पश्चिम युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांपर्यंत त्या काळात जवळजवळ पोहोचलंच नाही. आणि खरी लढाई एक वाक्य लिहून संपणारी नव्हती. ते वाक्य रोजच्या कामात वापरून, शेकडो अभिक्रियांचा ताळा जुळवून दाखवणारा कुणीतरी हवा होता.

एक कर वसूल करणारा माणूस

तो माणूस म्हणजे आंत्वान लॅव्हाझिए. जन्म पॅरिसचा, १७४३ चा. शिक्षण वकिलीचं, आवड विज्ञानाची, आणि घरचा पैसा भरपूर. १७६८ साली, वयाच्या पंचविशीत, दोन गोष्टी घडल्या. तो फ्रेंच विज्ञान अकादमीत निवडून आला आणि त्याच वर्षी त्याने 'फेर्म जेनेराल'मध्ये हिस्सा विकत घेतला.

ही फेर्म जेनेराल म्हणजे काय? आपल्याकडे पूर्वी महसुलाचा इजारा देत, तसाच प्रकार. राजाला ठरलेली रक्कम आगाऊ द्यायची आणि मग मीठ, तंबाखू, पॅरिसमध्ये येणारा माल यांवरचा कर लोकांकडून आपण गोळा करायचा. वरचं सगळं आपलं. लोक या इजारदारांचा किती द्वेष करत असतील, हे सांगायला नको.

पण या धंद्याने लॅव्हाझिएला एक सवय लावली. कीर्द-खतावणीची. किती आलं, किती गेलं, किती उरलं; आणि ताळा जुळत नसेल तर चूक शोधल्याशिवाय उठायचं नाही. हीच सवय तो प्रयोगशाळेत घेऊन गेला.

त्याचा एक सुरुवातीचा प्रयोग बघा. तेव्हा अनेकांचा समज होता की पाणी खूप वेळ उकळलं की त्याची माती होते. पुरावा? उकळलेल्या पाण्याच्या तळाशी खरंच गाळ दिसतो. लॅव्हाझिएने एक खास काचपात्र घेतलं, ज्यात वाफ वर जाऊन थंड होते आणि पुन्हा आतच पडते. पात्र रिकामं तोललं, पाण्यासकट तोललं, बंद केलं आणि १०१ दिवस तापवत ठेवलं. शंभराच्या वर दिवस! शेवटी सगळं मिळून वजन तेवढंच. गाळ होता. मग त्याने रिकामं पात्र तोललं, तर ते सुमारे १७ ग्रेनने हलकं झालं होतं. गाळाचं वजन जवळपास त्याच घरातलं. म्हणजे पाण्याची माती झालीच नव्हती, काच झिजून पाण्यात उतरली होती.

एक ग्रेन म्हणजे साधारण ५३ मिलिग्रॅम. सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याहूनही कमी. एवढ्या पासंगाच्या फरकावर त्याने हजारो वर्षांचा समज मोडीत काढला.

बंद पात्र, उघडं पात्र

१ नोव्हेंबर १७७२. लॅव्हाझिएने अकादमीच्या सचिवाकडे एक मोहोरबंद चिठ्ठी ठेवायला दिली. आत लिहिलं होतं की गंधक आणि फॉस्फरस जळताना वजन कमी होत नाही, उलट वाढतं, आणि ते हवेमुळे वाढतं. मोहोरबंद का? उद्या दुसऱ्या कुणी हेच जाहीर केलं, तर आपण आधी सांगितलं होतं हे दाखवता यावं म्हणून. आज आपण चॅटचा स्क्रीनशॉट जपून ठेवतो, त्यातलाच प्रकार!

मग त्याने बॉइलचा प्रयोग हातात घेतला. बकपात्रात कथील भरलं, तोंड वितळवून बंद केलं, तोललं. तापवलं, थोडं भस्म तयार झालं. थंड करून, *न उघडता* तोललं. वजन तंतोतंत तेच. म्हणजे काचेतून आगीचे कण आत आले ही गोष्ट खोटी. मग टोक फोडलं. हवा शीळ घालत आत गेली. पुन्हा तोललं, आता वजन वाढलं. आणि ही वाढ कथिलाच्या वाढलेल्या वजनाएवढीच. म्हणजे कथिलाने आतली हवा खाल्ली, तेवढी जागा रिकामी झाली, आणि तेवढीच हवा बाहेरून आली.

पण हवा म्हणजे कुठली हवा? सगळी, की तिच्यातला एखादा भाग?

याचं उत्तर जेवणाच्या टेबलावर आलं. ऑक्टोबर १७७४ मध्ये इंग्लंडचा जोसेफ प्रीस्टली पॅरिसला आला आणि लॅव्हाझिएच्या घरी जेवायला गेला. त्याने सांगितलं की पाऱ्याचं लाल भस्म तापवलं तर एक वायू निघतो आणि त्यात मेणबत्ती झगझगीत जळते. त्याच सुमारास स्वीडनच्या कार्ल शेलेचंही पत्र लॅव्हाझिएला गेलं होतं. त्यानेही हा वायू स्वतंत्रपणे मिळवला होता.

पुढे लॅव्हाझिएने जो प्रयोग केला तो आजही ग्रंथांत दिला जातो. चार औंस पारा, सोबत बंदिस्त ५० घनइंच हवा. बारा दिवस सतत तापवलं. पाऱ्यावर लाल कण जमले आणि हवा उरली ४२ ते ४३ घनइंच. उरलेल्या हवेत मेणबत्ती विझायची, प्राणी गुदमरायचे. मग ते लाल कण वेगळे काढले. ४५ ग्रेन भरले. ते जास्त तापवले, तर ४१.५ ग्रेन पारा परत मिळाला आणि ७ ते ८ घनइंच वायू. तोच, झगझगीत जाळणारा. आणि हा वायू उरलेल्या मेलेल्या हवेत मिसळला, की पुन्हा साध्या हवेसारखी हवा तयार!

बघा, हवेतून जेवढं गेलं, तेवढं भस्मात सापडलं, आणि भस्मातून काढलं की हवेत परत देता आलं. जमा आणि खर्च दोन्ही बाजूंनी जुळले. या वायूला त्याने पुढे ऑक्सिजन हे नाव दिलं. फ्लॉजिस्टनची आता गरजच उरली नाही.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. १७७५ मध्ये अकादमीत हे काम पहिल्यांदा वाचताना लॅव्हाझिएने प्रीस्टलीचं नाव घेतलं नाही. प्रीस्टलीला ते लागलं, आणि लागणारच. प्रीस्टली मात्र शेवटपर्यंत फ्लॉजिस्टनला चिकटून राहिला. ज्याने वायू हातात धरला त्याला तो काय आहे ते पटलं नाही, आणि ज्याला पटलं त्याने ज्याचं त्याला श्रेय दिलं नाही. विज्ञानाचा इतिहास असाच असतो बरं का, देव्हाऱ्यात ठेवण्यासारखा नसतो.

मारी-आन, आणि बिहारचा सोरा

दोन छोटे पण महत्त्वाचे मुद्दे.

पहिला, मारी-आन पोल्झ. फेर्ममधल्याच एका इजारदाराची मुलगी. १७७१ साली लॅव्हाझिएशी लग्न झालं तेव्हा ती १३ वर्षांची, तो २८ चा. ती इंग्रजी शिकली, कारण लॅव्हाझिएला इंग्रजी नीट येत नव्हतं. १७८८ मध्ये तिने रिचर्ड किरवान यांच्या फ्लॉजिस्टनवरच्या पुस्तकाचा फ्रेंच अनुवाद प्रसिद्ध केला आणि त्यात लॅव्हाझिए व त्याच्या सहकाऱ्यांनी मुद्द्यागणिक उत्तरं जोडली. चित्रकार दाव्हिदकडे ती चित्रकला शिकली आणि लॅव्हाझिएच्या १७८९ च्या ग्रंथातल्या उपकरणांच्या सगळ्या आकृत्या तिने काढल्या. प्रयोगाच्या नोंदवह्यांतही तिचं अक्षर आहे. कुणी प्रयोग पुन्हा करून बघायचा म्हटला, तर त्या आकृत्यांशिवाय उपकरण बांधणार कसं?

दुसरा मुद्दा आपल्या देशाशी जोडलेला. बंदुकीच्या दारूला सोरा लागतो आणि तेव्हा जगातला उत्तम सोरा बिहारमधून येत असे. प्लासीनंतर तो व्यापार ईस्ट इंडिया कंपनीच्या मुठीत गेला. सात वर्षांच्या युद्धात हरलेल्या फ्रान्सला सोऱ्याची चणचण भासू लागली. म्हणून १७७५ मध्ये फ्रान्सने दारूचा कारखाना सरकारी ताब्यात घेतला आणि चार संचालक नेमले. त्यांतला एक लॅव्हाझिए. या नोकरीमुळे त्याला पॅरिसच्या शस्त्रागारात घर मिळालं आणि तिथेच त्याने युरोपातली एक उत्तम प्रयोगशाळा उभी केली. म्हणजे पाटण्याकडच्या सोऱ्यावर इंग्रजांनी हात मारला, त्याचे धागे पॅरिसच्या त्या तराजूपर्यंत जातात.

१७८९ : नियम सिद्ध झाला की गृहीत धरला?

आता सगळ्यात रंजक भाग, आणि शाळेत न सांगितला जाणारा.

१७८९ मध्ये लॅव्हाझिएचा रसायनशास्त्राचा मोठा ग्रंथ आला. द्रव्य अक्षय्यतेचा नियम त्यात कुठे आहे माहीत आहे? पहिल्या पानावर नाही, वेगळ्या प्रकरणातही नाही. तो आहे द्राक्षाच्या रसापासून दारू कशी होते त्या प्रकरणात! साखर आंबते, तिचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होतात. तिथे बोलता बोलता तो सांगून जातो की निसर्गात काय किंवा माणसाच्या कारागिरीत काय, काहीही नव्याने निर्माण होत नाही, आधी आणि नंतर द्रव्य सारखंच असतं. आणि म्हणून अभिक्रिया बीजगणिताच्या समीकरणासारखी लिहिता येते. आज आपण दोन्ही बाजू 'बॅलन्स' करतो ना, तिचं मूळ इथे आहे.

मग तो आकडे देतो. ४०० पौंड पाणी, १०० पौंड साखर, १० पौंड यीस्ट. एकूण ५१० पौंड. आंबल्यानंतरच्या सगळ्या पदार्थांची बेरीजही ५१०.

जरा जास्तच छान जुळलं, नाही का? विज्ञानाच्या इतिहासकारांनी हे आकडे तपासले. त्या काळच्या उपकरणांनी इतका अचूक ताळा जुळणं शक्यच नव्हतं. काही आकडे मोजलेले आहेत, काही 'एवढे असलेच पाहिजेत' म्हणून बेरजेतून काढलेले. साखरेत कार्बन किती, यासारखी काही प्रमाणंही बरीच चुकलेली आहेत.

मग ही फसवणूक का? माझं मत सांगतो. लॅव्हाझिएने हा नियम एखाद्या प्रयोगातून 'शोधला' असं म्हणणं चुकीचं आहे. त्याने तो आधीच मान्य केला आणि त्याचा हत्यारासारखा वापर केला. चांगला हिशोबनीस ताळा जुळला नाही तर 'पैसे हवेत विरले' म्हणत नाही. तो म्हणतो, कुठलीतरी नोंद राहिली आहे, शोधा. लॅव्हाझिए तेच म्हणाला. वजन वाढलं? मग काहीतरी आत आलं. कमी झालं? मग काहीतरी निसटलं, पकडा त्याला. या हट्टामुळे हवा जमेत धरली गेली, ऑक्सिजन ओळखला गेला, पाणी हे मूलद्रव्य नाही हे कळलं. पण याच हट्टापायी दारूच्या हिशोबात त्याने न मोजलेले आकडेही सुबक बसवले. बळ आणि दोष, दोन्ही एकाच सवयीचे.

तोलणाऱ्याचा हिशोब

त्याच १७८९ मध्ये फ्रेंच क्रांती झाली. लॅव्हाझिएने नव्या सरकारसाठीही काम केलं. वजनमापांच्या सुधारणेत तो होता. १७९३ मध्ये त्याने आणि रने-झ्युस्त आयुई यांनी ठरावीक घनफळाच्या शुद्ध पाण्याचं वजन काळजीपूर्वक मोजलं, आणि किलोग्रॅमची व्याख्या त्यातून उभी राहिली. तुम्ही भाजी घेताना 'एक किलो' म्हणता, त्यात त्याचा हात आहे.

पण इजारदार तो इजारदार. नोव्हेंबर १७९३ मध्ये सगळ्या इजारदारांना अटक झाली. आरोपांमध्ये एक असा होता: तंबाखूत पाणी मिसळून तिचं वजन वाढवलं आणि लोकांना लुबाडलं.

वजनात पाणी मारलं! तरुणपणी तंबाखूतली भेसळ पकडण्याचं काम ज्याने केलं, त्याच माणसावर हा आरोप. ८ मे १७९४ या दिवशी खटला चालला आणि त्याच दिवशी २८ जणांना गिलोटीनवर नेलं. तिसरा नंबर मारी-आनच्या वडिलांचा. चौथा लॅव्हाझिएचा. वय ५०. मारी-आनने एका दिवसात वडील आणि नवरा दोघेही गमावले.

इथे दोन गोष्टी स्पष्ट करतो, कारण रील्समध्ये त्या सर्रास फिरतात. 'प्रजासत्ताकाला शास्त्रज्ञांची गरज नाही' असं न्यायाधीश म्हणाला, याला त्या वेळचा भरवशाचा आधार नाही. आणि शिरच्छेदानंतर किती सेकंद शुद्ध राहते हे मोजायला लॅव्हाझिए डोळे मिचकावत राहिला, ही तर निव्वळ दंतकथा. खरी गोष्ट पुरेशी भयंकर आहे, तिला मसाला लावायची गरज नाही.

तो निर्दोष होता का? वैयक्तिक भ्रष्टाचार त्याने केल्याचं दिसत नाही. पण ज्या व्यवस्थेने गरिबाच्या मिठावर कर लावून श्रीमंती उभी केली, तिचा तो भागीदार होता, आणि त्याची महागडी उपकरणं त्याच पैशातून आली होती. माझ्या मते दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या आहेत. त्याला मारणं हा अन्याय होता, आणि लोकांचा राग हवेतून आलेला नव्हता.

मारी-आनची मालमत्ता जप्त झाली होती, ती पुढे तिला परत मिळाली. तिने नवऱ्याचे अपुरे राहिलेले निबंध छापून मित्रांमध्ये वाटले. ती १८३६ पर्यंत जगली.

मग नियम खरा आहे की नाही?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये हान्स लांडोल्ट यांनी हा नियम खऱ्या अर्थाने कसोटीला लावला. दोन बाजूंच्या काचनळीत दोन द्रावणं, तोंड बंद, तोलायचं, मिसळायचं, पुन्हा तोलायचं. अनेक वर्षं, वेगवेगळ्या अभिक्रियांवर. दहा लाखांत एका भागाइतकाही खरा फरक सापडला नाही. म्हणजे लॅव्हाझिएने जे मानून चालायचं ठरवलं होतं, ते शंभर वर्षांनी नीट मोजून खरं ठरलं.

आणि १९०५ मध्ये आइन्स्टाइन आला. ई बरोबर एम सी स्क्वेअर. मग नियम मोडला का? १२ ग्रॅम कार्बन ३२ ग्रॅम ऑक्सिजनमध्ये जळाला की ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. यात जी उष्णता बाहेर जाते तिच्याबरोबर वस्तुमानही जातं, पण किती? साधारण हजार कोटी भागांत एक भाग. कुठल्याही रासायनिक तराजूला ते कळणार नाही. आणि तेही नाहीसं झालेलं नसतं, उष्णतेच्या खात्यात जमा झालेलं असतं. खतावणीत एक नवं पान उघडलं, एवढंच.

म्हणूनच "चरबीची ऊर्जा झाली" हे उत्तर चुकतं. ऊर्जा मिळाली हे खरं, पण दहा किलोचे अणू सगळेच्या सगळे शिल्लक आहेत. ते श्वासातून आणि पाण्यातून बाहेर गेले, आणि कुठल्यातरी झाडाने त्यातले काही आत्तापर्यंत पानात घेतलेही असतील. व्हान हेल्माँटच्या विलोने घेतले होते तसे.

आता जाता जाता एक हिशोब तुमच्यासाठी. स्कूटरमध्ये एक लिटर पेट्रोल टाकलं. वजन साधारण पाऊण किलो. ते जळून सायलेन्सरमधून जो कार्बन डायऑक्साइड निघतो तो भरतो साधारण २.३ किलो, शिवाय एक किलोच्या आसपास पाण्याची वाफ वेगळी. पाऊण किलोचे सव्वातीन किलो कसे झाले? अडीच किलोहून जास्त ऑक्सिजन वाटेत हवेतून आला. तुम्ही त्याचे पैसे दिले नाहीत म्हणून तुमच्या लक्षात आला नाही, इतकंच.

टाकीचा काटा खाली येतो तेव्हा आपल्याला वाटतं, पेट्रोल संपलं. संपलं काहीच नाही, ते टाकीतून आकाशात गेलं, आणि जाताना चौपटीहून जड होऊन गेलं. कोपऱ्यावर कचरा पेटवून 'जागा साफ झाली' म्हणणाऱ्यालाही हेच लागू. राख उरली मूठभर, बाकीचं सगळं गल्लीतल्या पोरांच्या छातीत आणि वरच्या हवेत गेलं. 'नाहीसं होणं' हे खातंच निसर्गाच्या वहीत नाही. अडीचशे वर्षांपूर्वी हवा जमेत धरली नाही म्हणून शहाणी माणसं चुकली, आणि त्यांना ती ओळखताच येत नव्हती. आपल्याला येते. आपण तिला हिशोबाबाहेर ठेवतो ते सोयीचं आहे म्हणून.

तर मंडळी, आजच्यापुरतं इतकंच. पेट्रोलचा हिशोब एकदा स्वतः कागदावर मांडून बघा, आणि चरबीचा प्रश्न घरी जेवताना विचारा. काय काय उत्तरं मिळतात ते मला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर, ताळा जुळला नाही तर नोंद शोधत राहा!